कॉलेज-विद्यापीठाच्या जिमखान्याचं वर्षभराचं यश: तुमच्याकडे कौतुक कसं करतात?

खुंटाजवळचा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेजांत जिमखाना डे, गुणगौरव, बक्षीस समारंभ यांची गडबड सुरू होते. यंदा आमच्या जुन्या कॉलेजच्या पीडी (फिजिकल डायरेक्टर) सरांनी आम्हा काही माजी खेळाडूंना बोलावून घेतलं आणि म्हणाले कार्यक्रम तुम्हीच बसवा, माझ्यामागे नॅकचे (कॉलेजच्या मूल्यांकनाचे) कागद लागलेत. त्या निमित्ताने आमची बरीच चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली, आणि वाटलं इथे एवढ्या गावांचे, एवढ्या विद्यापीठांचे लोक आहेत तर सगळ्यांनाच विचारावं.

माझं म्हणणं आधी सांगतो. आत्ता बहुतेक ठिकाणी काय होतं, तर मेडल मिळालेल्यांची नावं पुकारायची, ते स्टेजवर येणार, ट्रॉफी, फोटो, टाळ्या, मग पाहुण्यांचं भाषण, मग नाश्ता. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स. यात वाईट काही नाही, मेडलवाल्यांचा मान झालाच पाहिजे आणि दणक्यात झाला पाहिजे. पण जिमखान्याचं वर्ष एवढंच असतं का? मला वाटतं त्या दिवशी अख्खं वर्ष मोठ्याने वाचून दाखवावं. कुठली टीम कुठे गेली, पहिली मॅच कुणाशी, कितीने जिंकलो, कुणाकडून हरलो, टीममध्ये कोण कोण होतं, राखीव कोण, मॅनेजर म्हणून कोण गेलं. प्रत्येकाचं पूर्ण नाव. आणि जे वाचलं तेच लिहून जिमखान्यात कायमचं ठेवावं.

कारण कॉलेजचा खेळाडू तीन वर्षांत जातो, इंजिनिअरिंगचा असेल तर चार. गावातल्या तालमीला, मंडळाला जुनी माणसं असतात, ती पन्नास वर्षांपूर्वीची मॅच काल झाल्यासारखी सांगतात. कॉलेजच्या टीमला असं कोणी नसतं. आज एफवायला आलेल्या पोराला याच ग्राउंडवर पाच वर्षांपूर्वी कोण खेळायचं हे सांगणारे फक्त पीडी सर, आणि सर रिटायर झाले की तेही गेलं.

आणि दुसरं म्हणजे मेडल नाही म्हणजे यांनी काही केलंच नाही, असं घरच्यांना आणि बाकी स्टाफलाही वाटतं, कारण वर जायचा रस्ता किती लांब आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतं. आधी विभागात कॉलेज-कॉलेजच्या मॅचेस, म्हणजे पुणे शहर, पुणे ग्रामीण, नाशिक, नगर. विभागाच्या टीमला लागलात की इंटर झोनल. तिथून निवड झाली की विद्यापीठाचा कॅम्प. मग वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं. सांघिक खेळात त्यातले पहिले चार ऑल इंडियाला जातात, चार झोनचे मिळून सोळा संघ. आता यात एखादी पोरगी विद्यापीठाच्या कॅम्पपर्यंत गेली आणि शेवटच्या बारात नाही बसली, तर हजारो मुलींतून ती तिथवर पोचली हे कुणाला कळतच नाही, कारण तिच्या हातात दाखवायला काही नसतं.

आमच्या खो-खोच्या पोरी यंदा विभागाच्या सेमीला एका गुणाने हरल्या. शेवटच्या पाळीत शेवटची गडी पोलला वळसा घालून निघाली होती आणि आमच्या मुलीने पोलवरून डाइव्ह मारली, अख्खी आडवी, हनुवटीपर्यंत मातीत. बोट लागलं असं तिचं म्हणणं, पंच म्हणाले नाही. ती तशीच उठली, पंचांना हात जोडले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. ही मॅच पाहणारे आम्ही मोजकी माणसं होतो. आमच्या कार्यक्रमात हिचं नाव कुठल्या रकान्यात बसतं ते सांगा.

तर तुमच्याकडे काय पद्धत आहे, काय चांगलं वाटलं, काय नको वाटलं, सविस्तर लिहा.

फक्की_लाईन

भावनेला +१, पण प्रॅक्टिकल अडचण सांगतो. आमच्या कॉलेजात एका वर्षी हे करून पाहिलं होतं. सगळ्या टीम्स, सगळी नावं. सूत्रसंचालन मराठी विभागाच्या मॅडमकडे, त्यांना खेळातलं काही माहीत नाही, नावंही चुकली, तायक्वांदो आणि वुशूची यादी एकमेकांत गेली, आणि पाहुणे बोलायला उठेपर्यंत मागचा अर्धा हॉल रिकामा. ज्यांचं नाव वाचलं तेच बाहेर वडापाव खात होते.

म्हणून सुचवतो की एकाच माणसाने वाचायचं नाही. प्रत्येक टीमच्या कॅप्टनने आपल्या टीमचं स्वतः वाचायचं, दोन-तीन मिनिटं, आणि वाचताना ती टीम स्टेजवर उभी. आपल्याच टीमची नावं कोणी चुकत नाही. आणि एक मॅच सविस्तर सांगायची, एकच, जी त्यांना वर्षातली सगळ्यात भारी वाटली ती. जिंकलेली असो नाहीतर हरलेली.

खुंटाजवळचा

फक्की, हे एकदम आवडलं. कॅप्टनने वाचायचं हे आमच्या डोक्यातच नव्हतं आलं. त्या डाइव्हवाल्या मॅचचं आमच्या कॅप्टनकडून ऐकायला मला स्वतःला आवडेल.

रंकाळाकाठ

धागा चांगला काढलाय. खाशाबा जाधवांची आठवण इथे निघायलाच पाहिजे, कारण ती गोष्ट कॉलेजशीच बांधलेली आहे आणि लोक तिचा अर्धाच भाग सांगतात.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार. खाशाबा ब्राँझ घेऊन परत आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कराडहून गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सगळ्यांना पाठ आहे. पण परत आल्यावर त्यांनी कुस्तीची मैदानं भरवली आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले, त्यांचं घर सोडवलं, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

आणि धागाकर्त्यांच्या मुद्द्याला धरून बोलायचं तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा सहावे आले होते. मेडल नाही. पहिल्यांदा मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांत खेळणारा मातीतला पैलवान जगात सहावा. त्या सहाव्या नंबरामुळे त्यांना कळलं आपण कुठे कमी पडलो आणि मग चार वर्षं तयारी झाली. आजच्या गुणगौरवाच्या यादीत सहावा नंबर कुणी लिहिला असता का?

आता १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. ज्या कॉलेजांना मार्चमध्ये परीक्षांमुळे जमत नाही त्यांनी तेव्हा करावा कार्यक्रम. आणि अहवालात एक ओळ पैशाचीही असावी, कुणी मदत केली, कुणी बूट घेऊन दिले, कुणी प्रवासाचा खर्च केला. खर्डेकर सर प्रत्येक कॉलेजात असतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

निवृत्त_पीडी

मी पस्तीसेक वर्षं फिजिकल डायरेक्टर म्हणून काम केलं, कॉलेजचं नाव नको. धाग्यात वर्षाची नोंद लिहून ठेवायचा विषय निघाला म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा आधीच्या सरांनी चार्ज देताना दोन गोष्टी दिल्या, स्टोअरच्या किल्ल्या आणि एक लांबट जाड वही. कापडी बांधणीची, आडव्या रेघांची. त्यात प्रत्येक वर्षाला आठ-दहा पानं. डाव्या बाजूला खेळ, मग स्पर्धेचं ठिकाण, तारीख, संघातली नावं, वर्ग, निकाल, आणि शेवटचा रकाना होता शेरा. त्या शेऱ्यात आधीच्या सरांनी काय काय लिहिलं होतं! "दुसऱ्या डावात पाऊस, सामना अनिर्णित." "गोलरक्षकाचा अंगठा दुखावला तरी पूर्ण वेळ खेळला." "हा मुलगा पुढील वर्षी कॅप्टन करावा." मी ते पहिल्या आठवड्यात सगळं वाचून काढलं आणि त्या वहीत पुढची तीस-पस्तीस वर्षं मी लिहिली.

वहीचा उपयोग भावनिकच असतो असं समजू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि तिथे कागद लागतो. माझ्याकडे कितीतरी वर्षांनी माजी विद्यार्थी आलेत, सर पुरात घरातलं सगळं गेलं, सर्टिफिकेट गेलं, मी संघात होतो याचा काही पुरावा आहे का. वही उघडायची, वर्ष काढायचं, नाव, वर्ग, स्पर्धेचं ठिकाण, तारीख, सगळं तिथे. मग विद्यापीठाकडे डुप्लिकेटसाठी अर्ज करायला धागा मिळतो. ज्यांच्याकडे वही नाही त्या कॉलेजचा मुलगा कुठे जाणार?

आता कौतुकाबद्दल. दर वर्षी एलिजिबिलिटी फॉर्म (खेळाडू स्पर्धेला पात्र आहे हे दाखवणारे) भरताना जो मुलगा रात्री आठपर्यंत माझ्याशेजारी बसून सगळ्यांच्या जन्मतारखा, बारावीचं वर्ष, फोटोवरचे शिक्के तपासायचा, त्याच्यामुळे आमची टीम कधी बाद झाली नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय १७ ते २५, आणि एक कागद चुकला की अख्खी टीम घरी. लोकांना वाटतं हे किरकोळ काम. २०२५ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत जर्मनीत काय झालं ते आठवा, आपल्या बॅडमिंटन संघातल्या बारापैकी सहा खेळाडूंना नोंदणीच्या गोंधळामुळे खेळताच आलं नाही. संघाने मिश्र सांघिकचं ब्राँझ आणलं, पण त्या सहा जणांनी कोर्टावर पाय न ठेवता परत यायचं म्हणजे काय असतं ते खेळाडूलाच विचारा. म्हणून मी सांगतो, कागद सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला स्टेजवर बोलवा आणि तो काय करतो ते दोन वाक्यांत सांगा.

त्याच स्पर्धेत आपल्या साताऱ्याकडच्या साहिल जाधवने कंपाऊंड तिरंदाजीत वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, हेही किती कॉलेजांच्या फलकावर लिहिलं गेलं मला शंका आहे. विद्यार्थ्यांसाठीची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा आहे ती.

मुळाकाठची

सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, बोट क्लबचं लिहायलाच हवं. हा क्लब १९२८ चा, आणि आमच्याकडे वर्षाचं यश साजरं करायची पद्धतच वेगळी आहे, म्हणजे हॉल नाही, खुर्चीतला पाहुणा बोलतोय आणि पोरं ऐकतायत असं नाही. आमची रेगाटा असते. नदीवर. वर्षभर जे शिकलो ते सगळ्या पुण्यासमोर करून दाखवायचं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपार कलली की काठावर पायऱ्यांवर माणसं बसायला लागतात, घरचे, माजी विद्यार्थी, शेजारपाजारचे. मग पंट फॉर्मेशन, म्हणजे त्या रुंद सपाट होड्यांवर पोरंपोरी एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे करतात, आणि होडी तर हलतच असते. कयाक (छोट्या अरुंद होड्या) बॅले असतं, संगीताच्या तालावर कयाक एकत्र वळतात, उलटतात, परत सरळ होतात. आणि अंधार पडला की ॲरो फॉर्मेशन. होड्यांवर फक्त दिवे, माणसं दिसतच नाहीत, दिव्यांच्या आकृत्या नदीवर सरकत राहतात. काठावर मशाल डान्स. हे सगळं विद्यार्थीच बसवतात, होड्यांची डागडुजीसुद्धा पोरंच करतात, सँडपेपर मारून हात सोलवटलेले असतात सगळ्यांचे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ऑल इंडियाला मेडल आणलेली रोअर (होडी वल्हवणारी) आणि यंदाच पोहायला शिकून क्लबात आलेली फर्स्ट इयरची मुलगी एकाच फॉर्मेशनमध्ये असतात. मनोऱ्यात खालच्या थरात कोण उभं आहे हे प्रेक्षकांना कळत नाही, पण क्लबला कळतं. आणि माजी विद्यार्थी येतात ना, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे, ते आपल्या मुलांना दाखवतात की मी त्या तिथे असायचो. धागाकर्ते म्हणतायत की कॉलेजच्या टीमला जुनी माणसं नसतात, तर रेगाटामुळे आम्हाला ती मिळालीत. दर वर्षी ठरलेला एक सोहळा असला की लोक आपोआप परत येतात.

नदीची अवस्था मात्र बघवत नाही, जलपर्णी आणि सांडपाणी, त्यावर वेगळा धागा निघू शकेल. अशा पाण्यात पोरं पहाटे उठून सराव करतात, हे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काठावर उभं करून सांगितलं पाहिजे.

थेट_बोलतो

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या कॉलेजात क्रॉस कंट्रीला पोरं झिजलेले बूट घालून पळतात आणि समारंभाला मांडव, स्पीकर, हार, शाली, जेवणं. त्या खर्चात अख्ख्या टीमला बूट आले असते. खेळाडूला कौतुक नको असं नाही पण आधी डाएट, आधी किट, आधी स्पर्धेला जायचं भाडं. वेस्ट झोनला जाताना रिझर्व्हेशन न मिळाल्यामुळे दरवाजात बसून रात्र काढलेली पोरं आहेत, पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मॅच. ते बदला, मग समारंभ करा.

निवृत्त_पीडी

थेट, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये मांडायचो. पण अनुभवाने एक सांगतो. जिमखाना कमिटीच्या मीटिंगमध्ये बजेट मागताना "खेळाडूंची गैरसोय होते" असं बोललं की माना हलतात आणि पुढचा विषय येतो. ज्या वर्षी मी अहवालात लिहून प्राचार्यांच्या आणि संस्थेच्या लोकांच्या समोर वाचलं की अमुक स्पर्धेला संघ जनरल डब्यातून गेला, सकाळी सातला उतरला आणि दहाला पहिला सामना खेळला, त्या वर्षी प्रवासाची रक्कम वाढली. लोकांसमोर वाचलेलं नाकारता येत नाही. हार-शाली बंद करा, मीही तेच म्हणेन. वाचन बंद करू नका.

शिवाजी_पार्कवाला

मुंबईचं थोडं. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी १९३० च्या दशकापासूनची. त्यात अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून ३२४ केल्या होत्या, आणि पुढे १९७० मध्ये सुनील गावसकरांनी ३२७ करून तो विक्रम मोडला. दुसऱ्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये गावसकरांच्या ७७४ धावा, भारताचा कॅप्टन कोण, तर वाडेकर. म्हणजे बघा, आधी विद्यापीठाच्या स्कोअरबुकात एकाने दुसऱ्याला मागे टाकलं आणि मग दोघं एका ड्रेसिंग रूममध्ये. हे आज आपण सांगू शकतो कारण कुणीतरी त्या दिवशी पेन्सिलीने एकेक रन नीट मांडला होता. स्कोअरर हा माणूस गुणगौरवात असलाच पाहिजे. कडक उन्हात दिवसभर टेबलावर बसून दोन्ही टीमचं लिहायचं, जेवायलाही उठता येत नाही.

सावली_धावते

मी अजून कॉलेजला आहे, एसवाय. लांब पल्ल्याची धावपटू, गाव नाशिक जिल्ह्यात. आमच्याकडे कविता राऊत ताईंचं नाव प्रत्येक मुलीला माहीत असतं, सावरपाड्याहून पाणी आणायला पळत जाणारी मुलगी ऑलिंपिकला गेली हे आम्ही शाळेपासून ऐकतोय.

मला एवढंच सांगायचं होतं की घरच्यांना बोलवा. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजने पहिल्यांदा खेळाडूंच्या आई-वडिलांना पत्र पाठवलं, साधं पोस्टाने, प्राचार्यांच्या सहीचं. माझे वडील द्राक्षबागेचं काम सोडून आले, आई पण आली. मला तेव्हा मेडल नव्हतं, इंटर झोनलला आठवी आले होते. पण सरांनी सगळ्यांची वेळ वाचून दाखवली, गेल्या वर्षी किती होती आणि यंदा किती, किती सेकंद कमी झाले. वडिलांना तोवर वाटायचं पोरगी सकाळी उठून नुसती पळते. घरी जाताना बसमध्ये त्यांनी विचारलं की अजून किती सेकंद कमी केले की पहिल्या तिनात येशील. त्यानंतर लग्नाचा विषय घरात कुणी काढलेला नाही, आणि पहाटे ते मोटरसायकलवर माझ्यामागे येतात.

तर खुंटाजवळचा दादा, पत्र नक्की पाठवा. व्हॉट्सॲपवर नको, पत्रच पाठवा, ते घरात सगळ्यांना दाखवता येतं.

खुंटाजवळचा

सावली, तुझा प्रतिसाद मी आमच्या सरांना वाचून दाखवला. पत्रांचं काम आजच वाटून घेतलंय. आणि वेळांचा तक्ता हाही आम्ही करणार, ॲथलेटिक्स आणि स्विमिंगला तर तो सहज जमेल. तुला यंदासाठी मनापासून शुभेच्छा.

धुक्यातली_पोर

मी सध्या इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय आणि इथल्या युनिव्हर्सिटीच्या बॅडमिंटन क्लबात आहे. इथली पद्धत सांगते, त्यातलं घेण्यासारखं आहे ते घ्या.

इथे क्लब विद्यार्थीच चालवतात, प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर सगळे निवडून आलेले, कोर्ट बुक करण्यापासून बस ठरवण्यापर्यंत. विद्यापीठांच्या आपापसातल्या मॅचेस बहुतेक बुधवारी दुपारी असतात, त्या दिवशी दुपारनंतर लेक्चर्स शक्यतो ठेवत नाहीत. म्हणजे खेळाडूला हजेरीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, हे मला फारच भावलं. वर्षअखेरीला सगळ्या क्लबांचं एकत्र जेवण आणि पारितोषिकं. चांगल्या खेळाडूंना कलर्स (विद्यापीठाचा खेळातला मान) देतात, पण त्याच संध्याकाळी वर्षभर क्लबसाठी राबलेल्यांसाठीही बक्षीस असतं, बेस्ट क्लबचं वेगळं, आणि क्लब ऑफ द इयर ठरवताना नुसत्या जिंकलेल्या मॅचेस बघत नाहीत, किती नवीन मुलं खेळायला आणली, बाहेर कुठे शिकवायला गेलात, हेही बघतात. आमच्या क्लबची ट्रेझरर स्वतः कुठल्याच टीममध्ये नव्हती, तिला बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा आमच्या टेबलावर झाला.

आपल्याकडेही विद्यापीठाचे कलर होल्डर (विद्यापीठाच्या संघातून खेळलेले) असतात, ब्लेझर मिळतो. तो ब्लेझर ज्या दिवशी देतात तो दिवस जरा मोठा करा. माझ्या भावाला विद्यापीठाचा ब्लेझर मिळाला होता तो क्लार्कच्या टेबलावर सही करून, पिशवीत.

अंबानगरी

अमरावतीकर म्हणून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९१४ पासूनची संस्था, आणि १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने जाऊन आपले देशी खेळ, मल्लखांब वगैरे तिथे दाखवले. आमच्याकडे कौतुक म्हणजे प्रात्यक्षिक, भाषण नंतर. धागाकर्त्यांनी आपल्या कार्यक्रमात दहा मिनिटं तरी खेळाडूंना करून दाखवायला द्यावी. खो-खोच्या मुलींना हॉलबाहेर ग्राउंडवर एक छोटी पाळी खेळू द्या, प्राचार्यांना आणि संस्थेच्या लोकांना पहिल्या रांगेत बसवा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, महिलांची कॅप्टन प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. एवढं होऊनही कितीतरी प्राध्यापकांनी हा खेळ शाळा सुटल्यावर जवळून पाहिलेला नाही.

फक्की_लाईन

अंबानगरी, ग्राउंडवर पाळी हे बेस्ट. फक्की मारायला (ग्राउंडवर लाईन आखायला) मी येतो.

एक राहिलं. पुणे विद्यापीठवाल्यांनी २०२० चा भुवनेश्वरचा निकाल आपल्या बोर्डावर लिहिलाय का? पहिल्याच खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्समध्ये पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं. पंजाब विद्यापीठाची १७ सुवर्ण आणि आपलीही १७, रौप्य त्यांची जास्त म्हणून ते पहिले. लगेच कोरोना आला, सगळं बंद झालं आणि त्या पोरांचा सत्कार कित्येक कॉलेजांत झालाच नाही. पुढच्या वर्षी ती पास होऊन निघूनही गेली. तुमच्या कॉलेजचं कोणी त्या संघात असेल तर त्यांना यंदा बोलवा. पाच-सहा वर्षं उशीर झाला म्हणून काय झालं.

खुंटाजवळचा

फक्की, हे फारच मोलाचं सांगितलंस. लगेच सरांना फोन केला, त्या संघात आमच्या कॉलेजची एक मुलगी होती, सध्या नोकरीला आहे, सरांकडे नंबर आहे. तिला बोलावतोय.

सगळ्यांचे आभार. आता काय ठरलंय ते लिहितो. तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेआधी. आधी ग्राउंडवर खो-खोची एक पाळी, मग हॉल. प्रत्येक कॅप्टन आपल्या टीमचं वर्ष स्वतः वाचणार, तीन मिनिटं, त्यात एक मॅच सविस्तर. मेडलवाल्यांचा सत्कार त्यांच्या त्यांच्या टीमबरोबरच, म्हणजे टीम स्टेजवर असतानाच. कागद सांभाळणारी दोन मुलं, स्कोअरर, ग्राउंडमन काका आणि मेसमध्ये पहाटेच्या प्रॅक्टिसवाल्यांसाठी अंडी उकडून ठेवणाऱ्या मावशी, यांची नावं अहवालात आणि स्टेजवरही. हार आणि शाली बंद, त्या पैशाचे क्रॉस कंट्रीच्या टीमला बूट, थेट यांनी साइझची यादी करायची पद्धत सांगितली तर बरं होईल. पालकांना पत्रं पोस्टाने. पाहुणा एकच, बोलायला दहा मिनिटं, आणि ते त्यांना आधीच सांगायचं.

वही आम्ही नवीन करतोय कारण जुनी सापडत नाहीये, स्टोअरमध्ये शोधाशोध चालू आहे. निवृत्त पीडी सर, तुमच्यासारखाच शेऱ्याचा रकाना ठेवतोय, आणि तो पीडी सरांबरोबर कॅप्टननेही भरायचा. १९९० च्या आधीच्या टीमचे फोटो, जुने जिमखाना अहवाल, कॉलेजच्या नियतकालिकातली क्रीडा विभागाची पानं कुणाच्या घरी असतील आणि त्यांची मांडणी कशी होती हे दाखवता आलं तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कॉलेज कुठलंही चालेल, आम्हाला रकाने कसे आखायचे ते बघायचंय. छपाईला या महिनाअखेर द्यायचंय.